पत्रा बाजारात मिळतो, बसवणी मिळत नाही

जुन्या जीप आणि पिकअप गाड्या पुन्हा उभ्या करण्याचे काम गेल्या काही वर्षांत वाढले आहे. कुणाच्या वडिलांची गाडी वर्षानुवर्षे गोठ्यामागे पडून होती, कुणी ती लिलावातून घेतली, कुणाला शौक म्हणून ती हवी आहे. इंजिनाचे काम मिस्त्री करून देतो आणि गाडी सुरू होते. खरी अडचण त्यानंतर, बॉडीपाशी येते. मडगार्ड गंजलेले असतात, हौद्याचा तळ चाळणी झालेला असतो, फाळका वाकडा असतो. मग मालक बाजारातून तयार पत्रे आणतो, डेंटरपुढे टाकतो आणि म्हणतो, "उस्ताद, फक्त बसवायचे आहेत."

या "फक्त" शब्दातून जितकी भांडणे निघतात तितकी दुसऱ्या कशातून निघत नाहीत. मालक म्हणतो, डेंटरने दिवस लावले. डेंटर म्हणतो, पत्राच चुकीचा आहे. पत्रेवाला म्हणतो, माझा माल शेकडो गाड्यांना बसला. शेवटी बहुधा मजुरी कापली जाते, ती गरीब कारागिराची. आपले कितीतरी भाऊबंद डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहेत आणि सुटे भाग विकणारेही आहेत. म्हणून या पानावर हा विषय मांडणे मला गरजेचे वाटते.

मी धनजचा कापडाचा व्यापारी. हातोडा मी चालवत नाही. पण आठवडी बाजारांना गाठोडी नेणारी आमच्या दुकानाची जीप पिकअप पुन्हा उभी करताना मी ते काम रोज जवळ उभे राहून पाहिले आहे. त्यावरून आणि जाणत्या कारागिरांशी बोलून माझे स्पष्ट मत झाले आहे की दोष बहुतेक वेळा ना कारागिराचा असतो ना मालकाचा. दोष सौद्याचा असतो. आपण पत्र्याची किंमत ठरवतो, बसवणीची ठरवतच नाही.

गाडी कोणती, हे आधी नीट पाहा

आपल्या भागात जुनी पिकअप म्हटले की बहुधा महिंद्राची जीप नाहीतर बजाज टेम्पोची मॅटाडोर. जीपची गोष्ट थोडी सांगण्यासारखी आहे. 1945 साली जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी "महिंद्रा अँड मोहम्मद" नावाने कंपनी काढली. सुरुवात पोलादाच्या व्यापारापासून झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव "महिंद्रा अँड महिंद्रा" झाले. 1947 पासून या कंपनीने मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-3बी ही जीप इथेच तयार होऊ लागली. अमेरिकेत ती 1968 साली बंद झाली, आपल्याकडे तिचे वंशज त्यानंतर कितीतरी वर्षे निघत राहिले.

इतिहास सांगण्याचे कारण धंद्याचे आहे. सीजे-3बीच्या इंजिनात एक वाल्व वरच्या बाजूला गेला, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्यासाठी बोनेटही उंच करावे लागले. म्हणून आपल्याकडे "हाय बोनेट" आणि "लो बोनेट" असे दोन शब्द रूढ झाले. लढाईच्या काळातली जीप लो बोनेटची, 3बी हाय बोनेटची. समोरची जाळी, बोनेट, बाजूचे मडगार्ड सगळ्यांत फरक. शिवाय 3बीच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर 80 इंच. नंतरच्या लांब गाड्यांचे माप वेगळे, आणि पिकअपचा हौदा तर कित्येकदा कंपनीने नव्हे, गावच्या बॉडीवाल्याने बांधलेला. दुकानात मात्र सगळ्यावर एकच चिठ्ठी असते: "जीपचे बोनेट". हे म्हणजे शेरवानीचे माप न सांगता "माणसाची शेरवानी" मागण्यासारखे झाले.

तेव्हा पत्रे घ्यायला जाण्याआधी गाडीची जात, साल आणि जुन्या पत्र्याचे माप कागदावर उतरवून घ्या. जमल्यास जुना पत्राच पोत्यात गुंडाळून दुकानात न्या आणि नवा त्यावर ठेवून पाहा. आणि जुना पत्रा, कितीही गंजलेला असो, नवा पक्का बसेपर्यंत भंगारात देऊ नका. भोके कुठे होती, कड किती दुमडली होती याचा दाखला फक्त त्याच्याजवळ असतो.

बाजारातला माल तीन प्रकारचा

पहिला कंपनीचा माल. जुन्या गाड्यांसाठी तो आता क्वचित मिळतो, आणि मिळाला तर कुणाच्या माळ्यावर पडून राहिलेला. दुसरा कटाईचा माल, म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीचा काढलेला पत्रा. मुंबईचा कुर्ला, दिल्लीचे मायापुरी हे त्याचे मोठे बाजार. हा पत्रा जाड आणि घडणीने अस्सल, पण त्याला त्याच्या जुन्या मालकाचा गंज आणि ठोकर चिकटून येते. तिसरा तयार नवा माल, जो मूळ कंपनीने केलेला नसतो. दिल्लीच्या काश्मिरी गेटचा घाऊक बाजार अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. हरियाणातील मंडी डबवाली या गावाने तर जीपच्या बॉड्या बांधण्यातच नाव कमावले आहे.

तिसऱ्या प्रकाराला सरसकट "डुप्लिकेट" म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. दुसऱ्याचा शिक्का मारून विकलेला माल नकली असतो; आपल्या नावाने, आपल्या किमतीत विकलेला माल नकली नसतो. तो नसता तर निम्म्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. पण तो सरळ का बसत नाही, याची कारणे समजून घ्यावीत.

बहुतेक कारखानदार एखादा जुना पत्रा समोर ठेवून त्यावरून फर्मा बनवतात. तो जुना पत्रा कुठे दबलेला असेल तर ती दबण नव्या प्रत्येक पत्र्यात उतरते. फर्मा वापरून झिजतो, मग कडा बोथट येतात. भोके वेगळ्या यंत्रावर पाडली तर ती अर्धा बोट इकडेतिकडे सरकतात. आणि दुसरी बाजूही पाहा. आपली गाडी पन्नास वर्षे काळ्या मातीच्या रस्त्यांवर कापसाचे बोजे वाहत चालली. तिची चेसिस तरी कुठे सरळ राहिली आहे? वाकड्या गाडीवर सरळ पत्रा आणि सरळ गाडीवर वाकडा पत्रा, दोन्ही सारखेच फट दाखवतात. अमेरिकेत जुन्या फोर्ड आणि शेवरोले पिकअपसाठी जवळजवळ प्रत्येक पत्रा नवा तयार मिळतो, तरी तिथले कारागीरही हीच तक्रार करतात. तेव्हा पत्रा ठोकून-घासून जुळवावा लागणे ही फसवणूक नव्हे, हा या कामाचा भागच आहे. तो भाग सौद्यात धरत नाहीत, चूक तिथे होते.

गेज म्हणजे सुताचा काउंट

कापडवाल्यांना पत्र्याचे गेज चटकन समजेल. सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. चाळीसचे सूत विसापेक्षा तलम. गेजचेही तसेच. 18 गेजचा पत्रा साधारण 1.2 मिलिमीटर, 20 गेजचा 0.9, आणि 22 गेजचा 0.7 मिलिमीटर जाड असतो. जुन्या जीपची बॉडी जाड पत्र्याची. तिच्या मडगार्डवर माणूस बसत असे. तिथे 22 गेजचा पत्रा लावला तर दिसायला गाडी तीच, पण बोजा पडताच पत्रा थरथरतो आणि वेल्डिंगच्या आचेने लाटा धरतो. दुकानदाराला गेज विचारा आणि बिलावर लिहून घ्या. साधे व्हर्नियर मापक सोबत असले तर वादच उरत नाही.

नव्या पत्र्यावर काळा किंवा करडा हात दिलेला असतो. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर घासून पाहा. रंग चिंधीवर उतरला तर तो हात फक्त वाहतुकीपुरता आहे. तो पूर्ण काढून नवा प्रायमर द्यावा लागेल. त्याचीही मजुरी लागते, ती आधीच मोजावी.

आधी कच्ची टीप, मग पक्की शिलाई

चांगला शिंपी कोट एकदम शिवत नाही. कच्ची टीप घालतो, अंगावर चढवून पाहतो, मग पक्की शिलाई मारतो. पत्र्याच्या कामाचा सगळा मर्म इथेच आहे.

आधी चेसिस तपासायची. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून दोन्ही तिरपी मापे घ्यायची. ती सारखी नसतील तर बॉडीला हात लावू नये. मग बॉडी ज्या रबरांवर टेकते ती रबरे पाहायची. एक जरी दबलेले असेल तर सगळी बॉडी कलते आणि दोष मात्र बोनेटचा दिसतो. त्यानंतर सगळे पत्रे, म्हणजे जाळी, दोन्ही मडगार्ड, बोनेट, हौद्याच्या बाजू आणि फाळका, बोल्ट ढिले ठेवून एकदम चढवायचे. एकच मडगार्ड पक्के करून दुसऱ्याकडे वळलात की पहिल्याची चूक दुसऱ्याच्या माथी जाते. बोनेट मिटवून चारही बाजूंची फट पाहायची. जाळीखाली वॉशर घालून किंवा काढून, भोक थोडे लांबट करून फट सारखी आणायची. फाळक्याच्या बिजागऱ्या हौदा रिकामा असताना आणि त्यात बोजा असताना, दोन्ही वेळा उघडून-मिटवून पाहायच्या.

हे सगळे रंगाच्या आधी, आणि मालकाच्या डोळ्यांसमोर. रंग झाल्यावर फट दिसली तर डेंटरची आणि पेंटरची, दोघांची मजुरी पाण्यात जाते.

जोडणीच्या वेळी आधी लांब लांब अंतरावर छोटे टाके मारायचे, एका टोकाला एक मग दुसऱ्या टोकाला एक, आणि मधे पत्रा निवू द्यायचा. एका दमात ओळ ओढली की पत्रा आकसतो. जस्ताचा पत्रा असेल तर जोडाच्या जागचे जस्त घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे, कारण त्याचा धूर छातीला वाईट. सांध्यांच्या आतल्या बाजूला प्रायमर गेलाच पाहिजे. बाहेरून चकचकीत आणि आतून उघडा ठेवलेला सांधा दोन पावसाळ्यांत फुगतो. पाणी निघून जायची भोके बुजवू नयेत.

लांबीबद्दल एवढेच सांगतो की ती पावडरसारखी वापरायची असते, गिलाव्यासारखी नव्हे. दोन-तीन मिलिमीटरच्या वर लांबी भरावी लागत असेल तर पत्रा बसलेला नाही असे समजावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक बॉडीवर फिरवून पाहावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

आणि एक गोष्ट जिवाची. सीजे-3बीमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते. टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय आणि बॅटरीची तार सोडल्याशिवाय वेल्डिंगची बत्ती पेटवू नये. मालकाने घाई केली तरी उस्तादाने इथे ऐकू नये.

हिशेब मांडून पाहा

समजा मडगार्डची स्वस्त जोडी 5,000 रुपयांना मिळते आणि चांगली 8,000 ला. डेंटर आणि त्याचा मदतनीस मिळून दिवसाचे 1,500 धरा. स्वस्त जोडी जुळवायला चार दिवस गेले तर मजुरी 6,000, एकूण 11,000. चांगली जोडी दीड दिवसात बसली तर मजुरी 2,250, एकूण 10,250. दुकानात वाचवलेले तीन हजार गॅरेजमध्ये गेलेच, वर साडेसातशे आणखी गेले. आकडे तुमच्या गावचे घाला, पण दोन्ही रकाने मांडल्याशिवाय खरेदी करू नका. कापडाच्या धंद्यात आपण आकसणारे कापड स्वस्त म्हणून घेतो का? आकसल्यावर किती उरेल ते पाहून भाव करतो.

म्हणून सौदा असा करावा असे मी सुचवतो:

1) पत्रे घेताना पक्के बिल घ्यावे. त्यावर गाडीचा प्रकार, गेज आणि "रंग देण्यापूर्वी न बसल्यास परत" ही अट लिहून घ्यावी. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला आहे. पूर्वी बहुतेक भागांवर तो 28 टक्के होता. तेव्हा बिल टाळण्याचे निमित्तही कमी झाले.

2) डेंटरशी कच्च्या बसवणीची मजुरी दिवसावर ठरवावी आणि पक्क्या जोडणीची उक्ती. पत्रा किती भांडेल हे कच्च्या बसवणीआधी कुणालाच सांगता येत नाही. तो धोका एकट्या कारागिरावर टाकणे इन्साफाचे नाही.

3) कच्ची बसवणी झाली की मालक, डेंटर आणि शक्य असल्यास पेंटर यांनी एकत्र पाहावे. पसंती तिथे द्यावी. त्यानंतर फटीची तक्रार चालणार नाही.

4) पत्रा सदोष निघाला तर परत नेण्याचे काम मालकाचे, आणि डेंटरचा वाया गेलेला दिवस भरून द्यायचा.

कुणी म्हणेल, गावात एवढी लिखापढी शोभत नाही, जबान पुरेशी असते. जबान मोठी खरी. पण जबान दिली कशाची, हेच दोघांना वेगवेगळे आठवते. दोन ओळींचा कागद संशयासाठी नसतो, आठवणीसाठी असतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. परवानगीवाचून बदल केल्यास दर बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गंजलेल्या मडगार्डच्या जागी त्याच मापाचे मडगार्ड लावणे ही दुरुस्ती झाली. पण हाय बोनेटची लो बोनेट करणे, चेसिस कापणे, बंद बॉडीचा हौदा करणे हा बदल झाला. रंग बदलायचा असेल तरी आधी आरटीओत विचारावे. चेसिस नंबर खोदलेल्या जागेवर घासणी किंवा वेल्डिंग अजिबात नको.

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल न केलेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी 20,000 रुपये, फेरनोंदणी 5,000, मुदत दहा वर्षे. मात्र हा नियम खासगी वापराच्या गाडीसाठी आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या पिकअपची नोंद मालवाहू म्हणून असेल तर एक पैसा खर्च करण्याआधी वाशिमच्या कार्यालयात चौकशी करावी. गाडी मिरवायची की तिच्यातून गाठोडी न्यायची, हे आधी ठरवावे. पत्रे कोणते घ्यायचे ते त्यानंतर ठरते.

कारागिरांसाठी दोन शब्द

फिलिपाइन्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजेच्या जीपा मागे राहिल्या. तिथल्या कारागिरांनी त्यांच्या लांब प्रवासी गाड्या केल्या, त्या "जीपनी" म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. त्याच हुन्नरातून पुढे पत्र्याचे कारखाने उभे राहिले, आणि आज तिथली एम. डी. ह्वान नावाची कंपनी जुन्या जीपच्या संपूर्ण बॉड्या तयार करून परदेशांत पाठवते. हात आपल्या कारागिरांचेही कमी नाहीत. कमी आहे ते माप टिपून ठेवण्याची सवय आणि फर्मा जपण्याची शिस्त.

ज्या डेंटरने एका जीपचा फाळका मापात बसवला त्याने तो उतरवताना जाड पुठ्ठ्यावर त्याचा फर्मा काढून ठेवावा, भोकांसकट. पाच गाड्यांनंतर त्याच्याजवळ पाच फर्मे होतील, आणि सहाव्या मालकाला दिल्लीचा पत्रा मागवावा लागणार नाही. हौद्याच्या बाजू, तळ, फाळका हे सरळ पत्र्याचे भाग आहेत. दुमडणी यंत्र असलेला कुठलाही चांगला कारखानदार ते इथेच बनवू शकतो. बोनेट आणि मडगार्डची गोलाई अवघड, ती बाहेरून आणावी. आपल्यातील ज्या व्यापाऱ्यांजवळ थोडी पूंजी आहे त्यांनी अशा उस्तादाला दुमडणी यंत्रासाठी ती भागीदारीत द्यावी. त्यातून दोघांचाही फायदा होईल.

पत्रे विकणाऱ्या बंधूंनाही एक विनंती आहे. मालाचा ऐब गिऱ्हाइकाने शोधण्याआधी तुम्ही सांगा. "हा पत्रा पातळ आहे, दोन दिवस जुळवणी लागेल, म्हणून भाव कमी" असे सांगून विकलेला माल परत येत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र पुन्हा येते. पत्र्याचा भाव दुकानदाराने सांगावा, बसवणीचा भाव उस्तादाने सांगावा, आणि मालकाने दोन्हींची बेरीज करूनच हो म्हणावे. एवढे झाले तर निम्मी भांडणे गॅरेजच्या दारातच मिटतील.